बिनघंटेच्या देवळातली घंटा

चिंचकोट्याच्या जुन्या देवळापुढं त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जळकोटाकडून बैलगाड्या लागल्या होत्या, पार भूम तालुक्यातल्या ईटेहून माणसं दोन यष्ट्या बदलून आली होती. गळ्यात क्रूस घातलेली होती, कपाळाला भंडारा फासलेली होती, टोपी घालून फातिहा द्यायला आलेलीही होती. ताप काही जातपात विचारून अंगात शिरत नाही. मग तापावरचा उतारा तरी कशाला विचारील?

सगळ्यांच्या माना वर होत्या. वर काय होतं? काळ्या दगडाचा मनोरा, त्यात एक आडवा लोखंडी दांडा आणि दांड्यावर दोन पारवे. घंटा दीड वर्षापूर्वीच उतरवून हमरस्त्यावरच्या नव्या चर्चला नेली होती. मनोऱ्याच्या कमानीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

आणि म्हाळसाबाई नावाची म्हातारी दोन्ही कानांवर तळवे दाबून, डोळे मिटून ओरडत होती, "वाजली! वाजली गं बया! टणाण टणाण वाजतीया!"

"मला बी ऐकू आली!" गर्दीतून दुसरा आवाज आला.

"सकाळी माती खाल्ली व्हती, आता वाजली. दीस डोक्यावर आला की वाजतीच!"

"तुला न्हाय वाजली?"

"न्हाय वो."

"मग कायतरी लपवून ठिवलंयस. बायकूला मारतोस का?"

देवळाच्या मागच्या अंगाला थोरल्या फादरांचं थडगं होतं. थडग्याच्या उशाशी बिभीषण बसला होता. हा थोरल्या फादरांचा बावर्ची. तीस वर्षं त्यानं फादरांना पातळ वरण आणि करपलेली भाकरी खाऊ घातली. फादर संतपदाला पोचले असतील तर त्यातलं निम्मं पुण्य त्या भाकरीचं. आता अंगात फादरांचाच जुना झगा, हातात जपमाळ आणि पुढ्यात कागदाच्या पुड्यांची परडी.

"या, या! रेटू नका!" बिभीषणाचा गळा मोठा तापला होता. "थोरल्या फादरच्या थडग्याची माती! तीन येळा नमो मरिये म्हना आन् जिभंवर ठिवा. कडू लागली की समजा फादरनं ऐकलं. घंटा वाजली की समजा ताप पळाला! आन् ज्याला कडू लागनार न्हाय, त्यानं मागल्या जन्मीचं पाप आठवावं... न्हाय न्हाय, ह्याच जन्मीचं आठवावं, आपल्या धर्मात मागला जन्म नसतो!"

"आमच्यात असतोय की," कुणी बिरूबाचा धनगर म्हणाला.

"मग तुमी मागल्या जन्मीचं आठवा. फादर समद्यांचं ऐकत्यात!"

"बिभीषणकाका, म्या हितली माती उकरून नेली तर चालंल का?"

"ने की. पन गुण येनार न्हाय. माझ्याच हातनं घ्यावी लागती. ह्या हातानं म्या फादरला वाढलंय."

या रांगेत बाबूराव मास्तर उभे होते, अगदी पुढं, सहाव्या-सातव्या नंबरावर. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, पॅरिशचे, म्हणजे इथल्या चर्चच्या वस्तीचे धर्मशिक्षक. मुलांकडून प्रार्थना घोकून घ्यायच्या, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं, आणि सणासुदीला कीर्तन करायचं. कीर्तन हा त्यांचा जीव. पेटीचा सूर लागला, मृदंगावर थाप पडली आणि बाबूराव उपरणं सावरून उभे राहिले की चार कोसांवरची माणसं सतरंज्या घेऊन येत. येशूच्या जन्माचं आख्यान लावलं तर गोठ्यातल्या गवताचा वास यावा, अशी त्यांची वाणी. पण आज ते कीर्तनाला आले नव्हते. घरी शारदा तापानं फणफणत होती.

शारदा त्यांची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई सोलापुरात गिरणीत. सोमवारी बानूबाई सुईणीनं सोडवलं, मुलगी झाली. बुधवारी संध्याकाळी शारदाला हुडहुडी भरली आणि अंग तव्यासारखं तापलं.

गुरुवारी धाकटे फादर सायकलवरून आले होते. थोरल्या फादरांच्या मागं आलेले म्हणून ते धाकटे. त्यांनी शारदाच्या कपाळावर हात ठेवला आणि हात लगेच मागं घेतला.

"मास्तर, हा साधा ताप दिसत नाही. उद्या सकाळच्या यष्टीनं धाराशिवला न्या. मी चिठ्ठी देतो."

"नेतो फादर. पण उद्या शुक्रवार आहे. थोरल्या फादरांचा वार."

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

बाबूराव खाली बघत म्हणाले, "मी स्वतः ऐकलीय, फादर. या कानांनी."

ते खोटं बोलत नव्हते.

त्यासाठी जरा मागं जायला हवं. संवत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, एक गोरा माणूस तट्टावर बसून चिंचकोट्याला आला; हेच थोरले फादर. पहिली मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, त्यांनी चिंचेखाली केली, वेदी म्हणून उपडी घातलेली पाटी वापरली. मग कुडाची झोपडी झाली. झोपडी एका वादळात उडाली, तेव्हा मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. निजामाच्या अमदानीत, तहसीलदाराच्या चाळीस खेपा करून, काळ्या दगडाचं देऊळ उभं राहिलं. त्याचे दगड बाबूरावांच्या बापानं वाहिले होते. घंटा सोलापूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीनं आली, आणि नळदुर्गच्या उतारावर बैल बिथरले तेव्हा तीन माणसं तिला धरून लोंबकळली, पण तिला पडू दिलं नाही.

आणि थोरले फादर औषध द्यायचे. पाऊस सरला की गावोगाव हिवताप पसरायचा. फादर दारात बाकावर बसायचे, रोग्याला तीनदा नमो मरिये म्हणायला लावायचे आणि मग जिभेवर पुडी सोडायचे. तोंड वाकडं झालं की हसून मोडक्या मराठीत म्हणायचे, "कडू लागला? मग गुण लागला!" लोकांनी प्रार्थना लक्षात ठेवली, कडू लक्षात ठेवलं. पुडीत काय होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. साधूला कुणी असं विचारतं का?

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, राज्य बदललं. थोरले फादर त्यानंतर तीन वर्षांनी गेले. हमरस्त्यावरून यष्टी धावू लागली आणि वस्ती रस्त्याकडं सरकली. तिथं नवं चर्च झालं, सिमेंटचं, विजेचे दिवे असलेलं. घंटा तिकडं गेली. जुन्या देवळाचे पत्रे आणि सागवानी तुळया काढून शाळेला वापरायच्या, असं ठरलं. घंटा उतरवली त्या दिवशी बाबूराव जेवले नाहीत.

आणि महिन्याभरात बिभीषणाच्या स्वप्नात थोरले फादर आले. माती कडू झाली. घंटा नसलेल्या मनोऱ्यात घंटा वाजू लागली.

त्या वर्षी बाबूरावांनाही ताप आला होता. त्यांनी माती खाल्ली. कडूजहर लागली. दुपारी पडल्या पडल्या कानात घंटा घुमू लागली, लांबून, पाण्याखालून आल्यासारखी. मास्तर गोधडीत तोंड खुपसून लहान पोरासारखे रडले. आपल्या बापानं ज्या देवळाचे दगड वाहिले, ते देवानं टाकून दिलं नव्हतं! तिसऱ्या दिवशी ताप गेला. आठव्या दिवशी त्यांनी आख्यान रचलं:

*कडू मातीचा गोड प्रसाद,*
*बिनघंटेचा घंटानाद!*

हे आख्यान त्यांनी अकरा गावांत लावलं. लोक हुंदके देत. आख्यान संपलं की रांग लांबत जाई. देऊळ पाडायचं काम आपोआपच लांबलं. धाकट्या फादरांनी वेदीवरून दोनदा समजावलं, तर लोक म्हणाले, त्यांना थोरल्यांचा हेवा वाटतो.

आता रांगेत बाबूरावांचा नंबर लागला. बिभीषणानं त्यांना ओळखून चार पुड्या जास्त काढल्या.

"मास्तर, तुमच्या पोरीला दाबून देतो. रोज दोन द्या. आन् आज एक आख्यान व्हऊन जाऊ द्या की."

"आज नको बिभीषणा. पोर तापलीय घरी."

घरी शारदानं पुडी तोंडात घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू?" रुद्रम्मानं, तिच्या आईनं, जीव मुठीत धरून विचारलं.

"लई कडू."

रुद्रम्मानं हात जोडले. संध्याकाळी शारदाच्या अंगाला घाम फुटला. ताप थोडा उतरल्यासारखा वाटला. ती उशीवरून मान वळवून बारीक आवाजात म्हणाली, "अप्पा, घंटा वाजतीया. दोन्ही कानांत." आणि हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा हसली होती.

शनिवारी ताप पुन्हा चढला. पुडी दिली, घंटा वाजली. रविवारी पोट फुगलं, दूध आटलं. पुडी दिली. सोमवारी ती बरळू लागली, "घंटा थांबवा, अप्पा, कुनीतरी घंटा थांबवा." तेव्हा कुठं बाबूरावांनी हमरस्ता गाठायला बैलगाडी जुंपली. यष्टीत तिला आडवं झोपवलं. नात रुद्रम्माच्या मांडीवर.

धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या, चारुशीलाबाई. शारदाला तपासताना त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"किती दिवस झाले?"

"बुधवारपासनं."

"आज सोमवार आहे. पाच दिवस काय दिलंत?"

बाबूरावांनी उपरण्याच्या गाठीतून पुडी काढली. बाईंनी ती उघडली, नखाच्या टोकावर चिमूटभर घेऊन जिभेला लावली आणि लगेच बेसिनमध्ये थुंकल्या.

"हिला कानात घंटा वाजल्यासारखं होत होतं का?"

बाबूराव एक पाऊल पुढं आले. "बाई, तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"यात कळायचं काय? हे कोयनेल आहे, मास्तर, क्विनीन. मातीत कालवलेलं कोयनेल. जास्त पोटात गेलं की कान वाजतात. पुस्तकात लिहिलेलं आहे. कुणाला घंटा वाटते, कुणाला रातकिडे."

"पण लोकांचा ताप जातो..."

"हिवताप असेल तर जाणारच! कोयनेल हिवतापाचंच औषध आहे. हा हिवताप नाही. हा बाळंतज्वर आहे, आत पू झालाय. कोयनेलनं वरचा ताप घटकाभर दबला, आतलं विष पसरत राहिलं. बुधवारी आणली असती तर पेनिसिलिनची इंजेक्शनं होती माझ्याकडं. आताही देते. पण..."

बाई हात धुता धुता म्हणाल्या, "मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली आहे, मास्तर. माझ्या घरी दोन वेळा आईची आरती होते. पण आरतीच्या वेळी आरती आणि इंजेक्शनच्या वेळी इंजेक्शन. देवाला काही या दोहोंचा हेवा वाटत नाही."

शारदा बुधवारी पहाटे गेली.

शुक्रवारी बाबूराव पुन्हा जुन्या देवळापुढं उभे राहिले. गेल्या शुक्रवारपेक्षा गर्दी जास्त होती. मास्तरांना बघून लोक बाजूला झाले. कुणाला वाटलं आख्यान लावणार. म्हाळसाबाई पुढं आली. "मास्तर, पोरीचं ऐकलं. देवाची मर्जी."

"देवाची नाही, म्हाळसाबाई. माझी." बाबूराव थेट थडग्यापाशी गेले, खाली बसले आणि हातानं माती उकरली. "हे घ्या. चाखा."

"अवो, पन बिभीषणाच्या हातनं..."

"चाखा म्हणतो ना!"

म्हातारीनं चाखली.

"कशी लागती?"

"मातीवानी लागती. दुसरी कशी लागंल?"

बाबूरावांनी परडीतली पुडी उचलून फोडली. "आता ही."

म्हातारीचं तोंड वाकडं झालं. "कडू!"

"एकच थडगं, एकच माती. एक कडू आणि एक बेचव. मग कडूपणा आला कुठनं? फादरांकडनं आला असता तर माझ्या हातानं उकरलेल्या मातीतही असता. मी काय फादरांचा वैरी आहे? पंचवीस वर्षं मी त्यांचा शिष्य होतो!"

गर्दीत कुजबूज उठली. बिभीषण ताडकन उठला. "मास्तर, दुःखानं तुमचं डोकं फिरलंय."

बाबूराव त्याच्या अंगावरून पुढं गेले. देवळाच्या मागं थोरल्या फादरांची खोली होती. तिथं आता बिभीषण राहत होता. कपाटाला कुलूप नव्हतं. आत, फादरांच्या मिस्सेच्या पुस्तकांमागं, पत्र्याचे दोन मोठे डबे होते. एक रिकामा. दुसऱ्यात अजून निम्म्यावर पांढरी पूड. शेजारी थाळी, थाळीत ओली माती आणि कालवायचा चमचा. मास्तर डबा घेऊन बाहेर आले.

"बघा! ही तुमची घंटा! थोरले फादर हेच द्यायचे. कोयनेल! हिवतापावरचं औषध. ते पोटात गेलं की कान वाजतात. देवळातली घंटा नाही वाजत, कान वाजतात! मलाही वाजली, मीही फसलो, आणि अकरा गावांना मी गाऊन फसवलं!"

बिभीषणाची मान खाली गेली. मग एकाएकी त्यानं ती वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"व्हय, म्याच कालवत व्हतो. मग? देऊळ पाडाया निघाले व्हते. फादरच्या छातीवर ढोरं बसली असती. मरताना फादर मला म्हनले व्हते, बिभीषणा, औषध वाया घालू नगंस. म्या वाया न्हाय घातलं. नुसती पुडी दिली असती तर चार मानसं आली न्हाय असती. मातीत कालवली तर जत्रा भरली. आन् गुण आला का न्हाय, इचारा की लोकांस्नी!"

"माझ्या शारदाला आला का?"

गर्दीतूनच आवाज आला, चांगला खणखणीत.

"मास्तर, तुमी पोरीला दवाखान्यात नेली तवा मेली. हितं व्हती तवर जित्ती व्हती."

"व्हय की! खरं हाय!"

"पाच दिस फादरनं राखली. दवाखान्यात दोन दिसांत गेली."

बाबूरावांना बोलायचं होतं. पाच दिवस इथं ठेवली म्हणूनच तिथं मेली, हे सांगायचं होतं. अकरा गावांत गाजलेली ती वाणी तोंडातल्या तोंडात अडखळली. आख्यानात असं कधी होत नाही; आख्यानात खरं बोललं की लोक माना डोलावतात.

"मास्तर, डबा द्या हिकडं," बिभीषण पुढं सरकला.

"नाही. हा दवाखान्यात जाईल."

"फादरचा हाय तो!"

दोघा म्हाताऱ्यांची ओढाताण झाली. झाकण उडालं. डबा थडग्यावर आपटला, उलटा झाला आणि पांढरी पूड भसकन मातीत सांडली. वारा होता, ती थडगंभर पसरली.

मग म्हाळसाबाई वाकली. तिनं थडग्यावरची माती बोटानं उचलून जिभेवर ठेवली.

"कडू!" तिचा आवाज चिरकला. "कडू झाली गं! आता थडगंच कडू झालं! आता कुनाच्या हातची बी चालती!"

बांध फुटावा तशी माणसं लोटली. पदर, टोप्या, ओंजळी, पितळी तांबे. बिभीषण "अरं, एकेकानं, एकेकानं, लई खाऊ नका!" म्हणून ओरडत होता, त्याला कुणी जुमानलं नाही. बाबूराव थडग्याला पाठ टेकून दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"अरे, थांबा! ऐका! देवाला हाक मारा, मीही मारतो. रोज मारतो. पण कुणाचा ताप कसला आहे ते बघू द्या. तापाला कारण असतं. एका तापाचं औषध दुसऱ्या तापाला चालत नाही. घोड्याचं खोगीर बैलाला बसत नाही, हे तुम्हाला कळतं, मग हे का कळत नाही? खात्री नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, बिभीषणावर ठेवू नका, स्वतः चाखा, स्वतः मोजा, स्वतः विचारा! विचारलं म्हणून देव रागावत नाही. रागावला तर तो देव नव्हे!"

लोक त्यांच्या काखेखालून हात घालून माती नेत होते.

आणि त्या हातांत एक हिरव्या बांगड्यांचा हात होता. तो बाबूरावांनी ओळखला. रुद्रम्मा. दुसऱ्या हातावर अकरा दिवसांची नात.

"तू इथं कशाला आलीस?"

"हिचं अंग कोमट लागतंया." तिची मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटींतून माती गळत होती.

"रुद्रम्मा, तू ऐकलंस ना सगळं? ते औषध आहे. एवढ्याशा जिवाला ते जहर होईल."

"ऐकलं."

"मग चल. यष्टी तासाभरात येईल. चारुशीलाबाई आहेत. बघतील, ताप मोजतील, दूध मिळत नाही म्हणून आहे की आणखी कशानं ते सांगतील."

"दवाखान्यातनं एकदा रिकाम्या हातानं आलेय मी." रुद्रम्मा शांत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुमीच म्हनला व्हता ना, कडू मातीचा गोड प्रसाद? तुमीच गायला व्हता. तवा मला रडू आलं व्हतं."

"मी चुकलो गं."

"असंल. पन आता मी कुनाचं ऐकू? तवाचं तुमचं का आताचं?"

बाबूरावांपाशी उत्तर होतं. साधं, सरळ, खरं उत्तर होतं. जे मी तेव्हा बोललो ते न तपासता बोललो आणि आता बोलतोय ते तपासून बोलतोय; एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक. ते त्यांनी सांगितलं, दोनदा सांगितलं, हात जोडून सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं मूठ उघडली आणि नातीच्या तोंडाकडं नेली.

बाबूरावांनी आपला तळवा आडवा धरून बाळाचे ओठ झाकले.

रुद्रम्मा त्यांची बोटं एकेक करून बाजूला करू लागली.